पाणी न सोडलेल्या मॉडेलला गुण देऊ नका

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
कृषी अभियांत्रिकी, उद्यानविद्या आणि भूदृश्य आराखडा या विषयांची अभ्यासमंडळे,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

सत्र संपत आले की प्रयोगशाळेच्या टेबलांवर मॉडेल मांडली जातात. हिरव्या रंगात घोळलेल्या भुश्शाचे डोंगर, निळ्या ऑइलपेंटचे शेततळे, शीतपेयाच्या नळ्यांचे ठिबक, काडेपेटीच्या काड्यांचे कुंपण. बाहेरून आलेले परीक्षक फेरी मारतात, ‘छान केलंय’ म्हणतात, २० पैकी १७-१८ गुण पडतात. मग ते मॉडेल कपाटावर चढते आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना नमुना म्हणून खाली उतरते. त्यातल्या बहुतेकांवर एक थेंबही पाणी कधी पडलेले नसते. पडले तर प्लॅस्टर भुसभुशीत होईल आणि पुठ्ठा फुगेल, हे मुलांनाही ठाऊक असते.

म्हणजे आपण सिंचन शिकवतो आहोत आणि मॉडेल असे बनवून घेतो आहोत, ज्याला पाण्याची भीती वाटते.

आमची मागणी एवढीच: सिंचन आणि भूदृश्य आराखड्याच्या प्रात्यक्षिकात ज्या मॉडेलमध्ये पाणी सोडले नाही, मोजले नाही आणि चुकले तिथे दुरुस्त केले नाही, त्याला गुण देऊ नयेत. हे करता कसे येते, किती सामान लागते आणि कुठे फसते, ते पुढे सविस्तर लिहीत आहोत, कारण ‘प्रयोगशाळेत जमत नाही’ हे उत्तर आधीच येईल याची कल्पना आहे.

सुरुवात जमिनीच्या मॉडेलपासून करू. ६० × ९० सेंमीची फळी घ्या आणि आडवे प्रमाण १:५०० ठेवा. फळीवर ३०० × ४५० मीटर, म्हणजे साडेतेरा हेक्टर जमीन बसते. एका छोट्या पाणलोटाला ती पुरते. उभे प्रमाण मात्र १:१०० घ्यावे लागते, नाहीतर ३ टक्के उताराची जमीन मॉडेलवर पाटासारखी सपाट दिसते. ३०० मीटरमध्ये ३ टक्क्यांनी ९ मीटर उतार पडतो, तो १:१०० ने ९ सेंमी होतो. पाच पदरी खोक्याचा पुठ्ठा साधारण ५ मिमी जाड असतो. एक थर म्हणजे अर्धा मीटर, एकूण १८ थर. समोच्च रेषा, म्हणजे आपले रोजचे कंटूर, अर्ध्या मीटरच्या अंतराने काढल्या की एकेक रेषा एकेक थर होते.

अठरा थरांना अठरा तक्ते लागत नाहीत, दोन पुरतात. पहिल्या तक्त्यावरून विषम क्रमांकाच्या रेषा कापायच्या, दुसऱ्यावरून सम क्रमांकाच्या. पहिल्यातून १ ते ३ ही पट्टी निघते, दुसऱ्यातून २ ते ४. दुसरी पहिलीवर २ आणि ३ च्या दरम्यान टेकते आणि असेच वर चढत जायचे. आतून मॉडेल पोकळ राहते, म्हणून दर १० सेंमीवर पुठ्ठ्याच्याच उभ्या टेकण्या द्याव्या लागतात. त्या दिल्या नाहीत तर महिन्याभरात मधला भाग खचतो आणि टेकडीच्या माथ्यावर खळगा तयार होतो. रचून झाले की वरून प्लॅस्टर आणि त्यावर ऑइलपेंट द्यावा, म्हणजे पाणी सोडता येते. थर्मोकोल वापरू नये. स्प्रेपेंट मारला की तो विरघळतो आणि पाणी सोडले की तरंगतो.

इथली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात उपयोगी चूक नाल्याच्या रेषांची. नाला ओलांडताना कंटूरचे टोक नाल्याच्या वरच्या अंगाला वळते. कागदावर निम्मी मुले ते खालच्या अंगाला वळवतात आणि कागद काही बोलत नाही. पुठ्ठा कापून रचला की नाल्याच्या जागी वरंबा उभा राहतो, आणि त्यावर फवारणीच्या पंपाने पाणी मारले की ते मधोमध जमण्याऐवजी दोन्ही बाजूंना पळते. या एका क्षणासाठीसुद्धा हे मॉडेल बनवण्यासारखे आहे. पण आजच्या पद्धतीत चूक दिसली की मुले ती रात्रीतून भरून काढतात, कारण गुण सफाईला आहेत. चूक नोंदवहीत आली तर त्या नोंदीला गुण हवेत.

आता शेततळे. ३० × ३० × ३ मीटर, बाजूंचा उतार १:१, हा आपल्याकडचा नेहमीचा आकार. तळ २४ × २४ मीटरचा होतो. वरचे क्षेत्र ९०० चौरस मीटर, मधले ७२९, तळाचे ५७६. मधल्याला चारने गुणून तिन्हींची बेरीज, तिला खोलीने गुणून सहाने भागले की २,१९६ घनमीटर. मॉडेलवर हेच तळे ६ × ६ सेंमी तोंडाचे आणि ३ सेंमी खोल येते, आणि तळ ४.८ सेंमीचा. म्हणजे ३ सेंमी खोलीत बाजू फक्त ६ मिमी आत जाते. उभे प्रमाण पाचपट असल्याने १:१ चा उतार जवळजवळ भिंतीसारखा दिसतो. मुलांच्या डोळ्याला ते चुकीचे वाटते आणि ती ‘दुरुस्ती’ करतात: नजरेने ४५ अंश धरून बाजू तासतात. दोन्हीकडून तीन-तीन सेंमी आत आले की तळच उरत नाही, उलटा पिरॅमिड होतो. प्रत्यक्षातले २,१९६ घनमीटरचे तळे ९०० घनमीटरवर येते आणि मॉडेल मात्र पूर्वीपेक्षा देखणे दिसते!

पकडायचे कसे? पाण्याने. आडवे दोनदा ५०० आणि उभे १००, असा गुणाकार करून २,१९६ ला भागले की ८८ घन सेंमी येते. प्लॅस्टरच्या तळ्याला आतून ऑइलपेंटचे दोन हात द्या, दोन दिवस वाळू द्या आणि ५० मिलीच्या सिरिंजने पाणी भरत जा. ८८ मिली मावले पाहिजे, पाच-सात मिली इकडेतिकडे चालेल. ३६ मिलीतच तळे काठोकाठ भरले, तर बाजू नजरेने तासल्या आहेत. ७० च्या आसपास अडले, तर बहुधा प्लॅस्टरचे थर जाड बसलेत किंवा तळ सपाट नाही. दोन मिनिटांची ही तपासणी परीक्षकालाही करता येते. तोंडी परीक्षेत ‘शेततळ्याचे फायदे सांगा’ विचारण्यापेक्षा सिरिंज हातात द्यावी.

त्याला जोडून पुढचा प्रश्न: हे तळे भरणार कशाने? साडेतेरा हेक्टरवर २५ मिमीची एक सर आली आणि पाचव्या हिश्श्याचा अपधाव, म्हणजे जमिनीवरून वाहून येणारे पाणी, धरला तर ६७५ घनमीटर येतात. अशा सव्वातीन सरींत तळे भरते. चौथ्या सरीचे काय, हे विचारल्यावर मुलांना सांडवा आठवतो. तोवर तो कोपऱ्यात पेनाने ओढलेली एक रेघ असतो.

सांडव्याचे गणित मॉडेलच्या आधी कागदावर व्हायला हवे. अपधाव गुणांक ०.४, पावसाची तीव्रता ताशी ८० मिमी आणि क्षेत्र १३.५ हेक्टर यांचा गुणाकार भागिले ३६० केला की शिखर विसर्ग, म्हणजे सर्वांत जास्त प्रवाह, सेकंदाला १.२ घनमीटर येतो. सांडव्यावरून ३० सेंमी उंचीने पाणी जाऊ द्यायचे ठरवले तर रुंद माथ्याच्या सांडव्याची लांबी साधारण ४.३ मीटर लागते. १:५०० च्या फळीवर ती ९ मिमीपेक्षाही कमी भरते. तेवढ्या फटीत पाणी वाहत नाही, काठाला थेंब धरून बसते. पृष्ठताण तिथे गुरुत्वाकर्षणाचे ऐकत नाही. मुलांना वाटते आपले मॉडेल बिघडले. मॉडेल बिघडलेले नसते. त्याला भलताच प्रश्न विचारलेला असतो. फळीवरचे मॉडेल पाणी कुठून कुठे जाईल आणि किती साठेल, एवढेच सांगते. किती वेगाने जाईल, काय खरवडेल, हे त्याला विचारायचे नाही. वाढवलेल्या उताराच्या मॉडेलवर रंगीत पाणी सोडून त्याचा वेग सेकंदकाट्याने मोजणारी नोंदवही आली तर ती परत करावी.

त्यासाठी दुसरे, अर्धवट मॉडेल करायचे: फक्त सांडवा, १:१० प्रमाणात, आडवे-उभे दोन्ही सारखे. लांबी ४३ सेंमी, माथ्यावरचे पाणी ३ सेंमी. याहून लहान केले तर पुन्हा पृष्ठताण आडवा येतो, म्हणून १:२० चा मोह आवरावा. गुरुत्वावर वाहणाऱ्या पाण्यात विसर्ग प्रमाणाच्या अडीचाव्या घाताने कमी होतो. दहाचा अडीचावा घात ३१६, म्हणून सेकंदाला १,२०० लिटरऐवजी ३.८ लिटर पुरतात. कमी उंचीवर पाणी फेकणारा साधा मोनोब्लॉक पंप आणि खाली हौद, एवढ्यात भागते. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या, खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेत आणि १९५९ मध्ये स्थापन झालेल्या, नाशिकच्या ‘मेरी’त (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत) धरणांची, सांडव्यांची मॉडेल याच हिशेबाने चालत आली आहेत. पुण्या-नाशिकच्या जवळ असलेल्या महाविद्यालयांनी परवानगी काढून मुलांना ती एकदा दाखवावीत. उत्साही मुलांना तिथे समजते की मॉडेलचे सौंदर्य कोणी पाहत नाही. सगळे जण पाण्याची पातळी पाहत असतात.

३.८ लिटर मोजायचे कसे, यात एक गंमत आहे. ९० अंशांची त्रिकोणी खाच वरच्या अंगाला बसवली की विसर्ग लिटर प्रति सेकंद = ०.०१३८ × (पाण्याची उंची सेंमीमध्ये) चा अडीचावा घात. ३.८ लिटरला उंची साडेनऊ सेंमी येते. बहुतेक मुले फूटपट्टी थेट खाचेतच धरतात. तिथे पाणी खाली झुकलेले असते, वाचन दहा टक्के कमी आले तर विसर्ग तेवीस टक्के कमी निघतो, कारण अडीचावा घात चूकही वाढवतो. पट्टी खाचेच्या मागे, पाण्याच्या उंचीच्या चौपट अंतरावर, म्हणजे इथे ४० सेंमी मागे लावायची आणि तिचे शून्य खाचेच्या टोकाशी लेव्हल-ट्यूबने मिळवायचे. पडताळा बादलीने घेऊ नये. दहा लिटरची बादली अडीच सेकंदांत भरते आणि घड्याळ दाबणाऱ्या बोटाची चूकही तेवढ्याशा वेळात मोठी ठरते. २०० लिटरचे पिंप घ्या. ५३ सेकंद लागले पाहिजेत.

याच हौदात मातीचा बांध घालून तो फुटू द्यावा, ही आमची आग्रहाची विनंती. जाणूनबुजून. २५ सेंमी उंचीचा बांध, आतून एक पाइप काढलेला, माथ्यावर मध्यभागी अर्धा सेंमी खोलगट. पाणी चढवत न्या. कधी ते खोलगट जागेवरून ओघळते, आधी पातळ चकाकी, मग बोटभर ओहोळ, मग खालच्या तोंडापासून वरच्या दिशेने माती सुटत येते. आणि कधी त्याआधीच पाइपाच्या कडेने पाणी वाट काढते. पाइपाभोवतीची माती कधीच नीट ठोकली जात नाही, हातोडी पाइपाला लागेल म्हणून मजूर आणि विद्यार्थी दोघेही तिथे हात आखडतात. सुरुवातीला बाहेर येणारे पाणी स्वच्छ असते, मग गढूळ होते. गढूळ झाले की उशीर झाला. पाइपाला मध्ये दोन ठिकाणी गोल कॉलर बसवून तोच बांध पुन्हा घाला, फरक दिसतो. धरणाच्या पायथ्याला झिरपणारे पाणी स्वच्छ आहे की गढूळ, हे पहिल्यांदा का विचारतात, ते या बांधाच्या पायाशी बसूनच कळते.

आता ठिबक. नळ्या चिकटवलेल्या मॉडेलने ठिबकाबद्दल काही म्हणजे काहीच शिकवता येत नाही. जे शिकायचे ते मातीच्या आत घडते. म्हणून समोरून पारदर्शक अशी मातीची पेटी करावी: ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद, ४० सेंमी उंच, पुढची बाजू १० मिमी अ‍ॅक्रिलिकची, बाकी प्लायवुड, खाली छिद्रे आणि भोवती लोखंडी अँगल. अँगल शोभेचा नाही. ७२ लिटर मातीचे वजन ८६ किलो होते आणि ओली झाल्यावर आणखी वाढते. नुसत्या प्लायवुडची पेटी फुगून पुढची शीट सुटते.

माती भरणे हाच खरा धडा. काळी माती वाळवून, फोडून, ४ मिमी चाळणीने चाळून घ्या. कोरड्या मातीची घनता १.२ धरा. पाच सेंमीचा एक थर म्हणजे ९,००० घन सेंमी, त्याला १०.८ किलो. तेवढीच माती तोलून टाकायची आणि लाकडी ठोकळ्याने नेमकी पाच सेंमीवर बसवायची, असे आठ थर. दोन थरांच्या मध्ये खालच्या थराचा पृष्ठभाग खिळ्याने ओरखडायचा. हे विसरले तर पाणी त्या सांध्यावर येऊन आडवे पसरते आणि मुले आनंदाने लिहितात, ‘चिकणमातीत ओलावा आडवा जातो.’ जातोही, पण इथे दिसला तो आळशीपणाचा आडवेपणा. दुसरी गडबड शीटलगतच्या फटीची. पाणी शीटच्या कडेने सरळ खाली उतरते आणि ओलाव्याचा लांबट जिभेसारखा आकार दिसतो. कडेची दोन सेंमी माती थोडी ओलसर करून बोटांनी दाबली की हे थांबते.

ड्रिपर शीटला टेकून ठेवायचा, म्हणजे ओलाव्याचा गोळा मधोमध कापल्यासारखा दिसतो. पण मग पाणीही अर्धेच द्यायला हवे: ४ लिटरच्या ड्रिपरचा गोळा पाहायचा तर ताशी २ लिटर. हे अर्धे करणे मुले विसरतात, आणि खरे सांगायचे तर काही छापील पुस्तिकाही विसरतात. इथे दोन धडे एकत्र जुळतात. साधा, दाब न सांभाळणारा ४ लिटरचा ड्रिपर १० मीटर पाण्याच्या दाबाला ४ लिटर देतो आणि विसर्ग दाबाच्या वर्गमूळाने बदलतो. अडीच मीटरवर बादली टांगली तर दाब पाव झाला, विसर्ग निम्मा, म्हणजे बरोबर २ लिटर. टांगण्याआधी मोजपात्रात पंधरा मिनिटे पाणी धरून पाहा, ५०० मिलीच्या जवळपास आले पाहिजे. दाब सांभाळणारे ड्रिपर इथे घेऊ नयेत. त्यांना किमान दाब मिळाला नाही की ते काय करतील ते त्यांचे त्यांनाच माहीत. बादलीतली पातळी घसरली की विसर्गही घसरतो, म्हणून फ्लोटचा गोळा बसवा. पाणी गाळून घ्या, नाहीतर प्रयोगाच्या मध्येच ड्रिपर चोंदेल.

तासाभरात २ लिटर जातात. दर दहा मिनिटांनी शीटवर स्केचपेनने ओलाव्याची कड आखायची आणि बाजूला वेळ लिहायची. काळ्या मातीत कड आधी आडवी धावते, मग सावकाश खाली उतरते. तोच प्रयोग वाळूमिश्रित मुरमाड मातीत केला की कड अरुंद आणि खोल जाते. दोन्ही शीट शेजारी ठेवल्या की ‘हलक्या जमिनीत ड्रिपर जवळजवळ लावा’ हे वाक्य पाठ करावे लागत नाही. आणि पाणी बंद केल्यावर पेटी लगेच रिकामी करू नये. दुसऱ्या दिवशी ड्रिपरखालची चमक गेलेली असते, गोळा थोडा मोठा आणि फिकट झालेला असतो, माती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि टिचकीने फुटतो. वाफसा म्हणतात तो हा. शेतकऱ्याच्या घरातून आलेली मुले हा शब्द बोलतात, शहरातून आलेली परीक्षेपुरता लिहितात. पेटीसमोर दोघे सारखेच शांत होतात.

याच आकड्यांवरून आराखड्याचे गणित बांधता येते. डाळिंबाची ४.५ × ३ मीटरवरची लागवड, रोजचे बाष्पीभवन ८ मिमी, पात्र गुणांक (बाष्पीभवन पात्रातल्या मापाला लावायचा) ०.७, पीक गुणांक ०.८ आणि भिजणारे क्षेत्र ४० टक्के धरले तर झाडाला रोज सुमारे २४ लिटर लागतात. ४ लिटरचे चार ड्रिपर असतील तर दीड तास. हे दीड तास पाणी एकदम द्यायचे की दोन वेळा, ते पेटीतल्या कडेवरून ठरवायला सांगा. मग आराखडा कॉपी होत नाही, कारण प्रत्येक गटाची माती वेगळी असते.

उद्यान आराखड्याकडे वळतो. तिथे प्रमाण १:१०० पुरते आणि बहुतेक चुका दोन ठिकाणी होतात. एक, झाडे रोपवाटिकेच्या मापाची लावली जातात. कडुनिंबाचा घेर मोठेपणी १० मीटर होतो, म्हणजे मॉडेलवर १० सेंमीचा स्पंज हवा. मुले दोन सेंमीचे झाड लावतात आणि त्याखाली हिरवळ. मोठ्या घेराचा स्पंज ठेवला की हिरवळ सावलीत जाते आणि तुषाराचा फवारा बुंध्याला अडतो, हे तिथल्या तिथे दिसते. दोन, तुषारांची अंतरे. साडेचार मीटर फेकीच्या पॉपअप तुषारासाठी (पाणी सुरू झाले की जमिनीतून वर येणाऱ्या) पारदर्शक प्लॅस्टिकच्या, ९ सेंमी व्यासाच्या चकत्या कापा आणि मॉडेलवर मांडा. प्रत्येक चकतीची कड शेजारच्या तुषाराच्या मध्यबिंदूला टेकली पाहिजे. चकत्या एकमेकींना जेमतेम स्पर्श करतील अशा ठेवल्या तर चार चकत्यांच्या मधल्या चौकोनी फटीत उन्हाळ्यात गवत पिवळे पडते. कोपऱ्यातला पाव गोल फिरणारा तुषार पूर्ण गोलाइतकेच पाणी फेकत असेल तर कोपऱ्याला चौपट पाणी मिळते. चकतीचा पाव तुकडा चार वेळा एकावर एक ठेवून दाखवावे. कागदी आराखड्यात कोपरा आणि मधला भाग अगदी सारखेच दिसतात.

चकत्यांनी आराखडा होतो, तपासणी होत नाही. त्यासाठी महाविद्यालयाच्याच हिरवळीवर शेजारचे चार तुषार एकदम चालवून त्यांच्या मधल्या चौकोनात सारख्या तोंडाचे सोळा चहाचे ग्लास सारख्या अंतरावर ठेवावेत, अर्धा तास पाणी जमू द्यावे आणि ख्रिश्चनसेनचा समानता गुणांक, म्हणजे पाणी किती सारखे पडते याचा आकडा, काढावा: सरासरीपासूनच्या सगळ्या फरकांची (अधिक-उणे चिन्ह न धरता) बेरीज, भागिले सगळ्या वाचनांची बेरीज, ती १ मधून वजा आणि गुणिले शंभर. ८५ च्या खाली आला तर अंतर, दाब किंवा वारा, यांपैकी कुठेतरी घोळ आहे. वारा असताना हा प्रयोग मुद्दाम पुन्हा करावा. दुपारी घेतलेले वाचन आणि सकाळी सातला घेतलेले वाचन यांत इतका फरक पडतो की बागेला पाणी सकाळी का द्यायचे, यावर वेगळे व्याख्यान लागत नाही.

आपल्याकडे एक मॉडेल तर जमिनीवरच तयार आहे, त्याचाही वापर व्हावा. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवरची फड पद्धती शतकानुशतके चालत आली. नदीत बंधारा, त्यातून पाट, पाटाखालचे क्षेत्र फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटलेले, एका फडात सगळ्यांचे एकच पीक, आणि पाणी देणारा पाटकरी वेगळा, शेतकऱ्याने स्वतः दारे धरायची नाहीत. हे मॉडेल बनवताना मुलांना जमिनीचा उतार, पाटाची पातळी आणि वाटणीचा नियम तिन्ही एकत्र सांभाळावे लागतात. पाट कंटूरच्या किंचित खाली उतरत न्यावा लागतो, तो दोन मिमी वर गेला की पाणी पुढे जात नाही आणि शेवटचा फड कोरडा. रावेच्या, म्हणजे कृषी विद्यार्थ्यांच्या ग्रामीण कार्यानुभवाच्या, काळात कृषीदूत आणि कृषीकन्या (असेच या मुलामुलींना म्हणतात) गावच्या चावडीपुढे रांगोळीने गावाचा नकाशा काढतात. तो काढतानाच गावातल्या लोकांना ‘पाणी कुठून येतं?’ असे विचारून रांगोळीवर तांब्याभर पाणी ओतले, तर निम्मा नकाशा तिथेच सुधारेल. तांब्या मात्र गावातल्याच कोणाच्या तरी हातात द्यावा.

गुणांबद्दल. २० गुणांपैकी सफाईला २ ठेवा, ते पुरेसे नाहीत असे वाटले तरीही २ च ठेवा. पाण्याच्या मोजणीला ६, नोंदवहीतल्या चुका आणि त्यांच्या कारणांना ७, आणि दुरुस्तीनंतरच्या दुसऱ्या मोजणीला ५. ज्या नोंदवहीत एकही चूक नाही, ती प्रामाणिक नाही असे समजायला हरकत नाही. साठ मुलांच्या वर्गात चौघांचा एक गट केला तर पंधरा गट होतात. फळीवरचे मॉडेल प्रत्येक गटाचे स्वतःचे असावे. मातीच्या पेट्या चार पुरतात, त्या आळीपाळीने वापरता येतील. सांडव्याचा हौद वर्गाला एकच, आणि त्याभोवती गर्दी होणारच, ती होऊ द्यावी.

खरेदीच्या यादीत चार्ट पेपर, रंग आणि फेव्हिकॉल यांच्याऐवजी मोजपात्रे, सिरिंजा, स्टॉपवॉच, फ्लोट, साधे ड्रिपर आणि एक तराजू घाला. तराजू ५० किलोपर्यंतचा हवा, रसायनशास्त्राचा नव्हे. काळी आणि मुरमाड माती दरवर्षी उन्हाळ्यात वाळवून गोण्यांत भरून ठेवावी, पावसाळ्यात आणलेली माती सत्र संपेपर्यंत वाळत नाही. आणि एकच माती तीनदा वापरून झाली की बदलावी. चाळून चाळून तिची रवाळ बांधणी मोडते आणि चौथ्यांदा भरलेली काळी माती पाण्याला सिमेंटसारखी अडवते.

शेवटची विनंती बांधकाम विभागासाठी आहे, पण मंडळाच्या शिफारशीशिवाय ती पुढे सरकणार नाही. मृद व जलसंधारणाच्या बऱ्याच प्रयोगशाळांत नळ आहे, मोरी नाही. पिंपभर पाणी सांडायची सोय नसेल तर कोणताही शिक्षक मुलांना पाणी सोडू देणार नाही, हे आम्हालाही कळते. खोलीच्या एका कोपऱ्याला दीड टक्क्याचा उतार, १०० मिमीची जाळीची मोरी आणि बाहेर गाळ बसायला एक छोटा खड्डा, एवढेच काम आहे. खड्डा नसेल तर पहिल्याच महिन्यात काळी माती ड्रेनेजमध्ये बसेल आणि पुढच्या सत्रापासून पुन्हा सगळी मॉडेल कोरडी होतील. प्रात्यक्षिकाच्या आराखड्याची पुढची बैठक होईल तेव्हा या मोरीचा विषय पहिला घ्यावा.

आपले नम्र,
सिंचन व भूदृश्य आराखडा शिकवणारे काही शिक्षक